आवर्जून जावे अशी संकेतस्थळे तुम्हाला हल्ली सापडतात तरी कुठे?

नौपाडेकर

नमस्कार मंडळी.

एखादे अनोळखी पण उत्तम संकेतस्थळ अवचित हाती लागण्याचा आनंद हल्ली दुर्मीळ झाला आहे, असे मला वाटते. शोधयंत्रात काहीही टंकले तरी पहिल्या पानावर तीच ठरावीक मोठी नावे येतात, त्यांच्याखाली एकमेकांची नक्कल केलेले, जाहिरातींनी भरलेले लेख असतात, आणि आता तर सर्वांच्या डोक्यावर यंत्राने तयार केलेला सारांश असतो, त्यामुळे मूळ पानापर्यंत जाण्याची कुणाला गरजच उरत नाही. कुणीतरी निष्ठेने, वर्षानुवर्षे सांभाळलेली स्थळे आजही आहेत, याविषयी मला शंका नाही. ती नजरेस पडत नाहीत, एवढेच.

म्हणून दोन प्रश्न विचारतो. तुम्ही स्वतः वरचेवर जाता असे उपयुक्त किंवा आगळेवेगळे स्थळ कोणते, आणि ते तुम्हाला सापडले कसे? दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नुसत्या नावांची यादी कृपया देऊ नये. तशा याद्या व्हॉट्सॲपवर रोज येतात आणि कुणीही त्या उघडून पाहत नाही.

माझ्यापासून सुरुवात करतो. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, हे सारे विनामूल्य शोधता येते. आजोबांच्या वेळचे जमिनीचे कागद वाचताना कुठे अडलो की मी तिथेच जातो. हे स्थळ मला एका विकिपीडिया लेखाच्या तळाशी असलेल्या बाह्य दुव्यांमध्ये मिळाले.

पाचपाखाडीकर

विषय चांगला आहे, पण ‘आगळेवेगळे’ या प्रकाराचे प्रयोजन मला पटत नाही. संकेतस्थळ हे साधन आहे. काम झाले की ते बंद करावे. माझ्या उपयोगाची स्थळे दोनच आहेत. सातबारा आणि मालमत्ता पत्रक पाहण्यासाठी महाभूलेख, आणि घर घेण्यापूर्वी प्रकल्पाची माहिती तपासण्यासाठी महारेरा. ही दोन ठाण्यातल्या प्रत्येकाला यायलाच हवीत. बाकीच्या गमतीजमतींत वेळ जातो, हाती काही लागत नाही.

तलावपाळी

वाचनखूण साठवली आहे. लिहिते राहा.

घोडबंदरवासी

पाचपाखाडीकर साहेब, महारेराबाबत पूर्ण सहमत. पण ज्याला आपण गंमत म्हणाल अशा एका स्थळाने आमच्या संकुलाला मोठा आधार दिला, तो अनुभव इथे लिहितो.

आम्ही सदनिका नोंदवली तेव्हा विकासकाच्या संकेतस्थळावर मुलांसाठी खुले मैदान आणि एक अभ्यासिका असे स्पष्ट लिहिलेले होते. ताबा मिळाला तेव्हा मैदानाच्या जागी वाहनतळ होता. आम्ही विचारणा केली, तर संकेतस्थळावरचा तो मजकूर तोवर गुपचूप बदललेला होता, आणि छापील माहितीपत्रक बहुतेकांनी घर बदलताना रद्दीत घातलेले होते. सभेत विकासकाचा प्रतिनिधी शांतपणे सांगत होता, ‘असे आम्ही कधी म्हटलेच नव्हते.’

आमच्याच इमारतीतल्या एका तरुणाने इंटरनेट अर्काइव्हचे वेबॅक मशीन दाखवले. १९९६ साली ब्रूस्टर केल यांनी ही संस्था सुरू केली आणि २००१ पासून तिने साठवलेली जुनी पाने सर्वांना पाहता येतात. वापरायला ते अगदी सोपे आहे. वरच्या चौकटीत पत्ता टाकला की वर्षांची पट्टी दिसते, आणि वर्ष निवडले की त्याखाली बारा महिन्यांची दिनदर्शिका उघडते. ज्या तारखांना त्या पानाची प्रत घेतलेली असते, त्या तारखांभोवती निळे वर्तुळ असते. आमच्या नोंदणीच्या वर्षात अशी थोडीच वर्तुळे होती. त्यातल्या एकावर टिचकी मारली आणि ते जुने पान जसेच्या तसे समोर आले. काही चित्रांच्या जागा रिकाम्या होत्या, पण मजकूर शाबूत होता. ‘मुलांसाठी खुले मैदान’ ही ओळ ठळक अक्षरांत होती आणि पानाच्या वर ती प्रत घेतल्याची तारीख होती.

मैदान अजून मिळालेले नाही. तरीही त्या दिवसापासून ‘म्हटलेच नव्हते’ हे वाक्य मात्र पुन्हा कुणी उच्चारलेले नाही, आणि बोलणी खऱ्या मुद्द्यावर आली आहेत.

चरईचे वकील

घोडबंदरवासी यांच्या अनुभवाला कायद्याची थोडी जोड देतो, कारण हा प्रश्न आपल्या भागात घरोघरी आहे.

स्थावर संपदा कायद्याच्या, म्हणजे २०१६ च्या रेरा अधिनियमाच्या कलम १२ नुसार, जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून कुणी आगाऊ रक्कम भरली आणि त्यामुळे त्याचे नुकसान झाले, तर प्रवर्तकाला, म्हणजे विकासकाला, भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल, तर भरलेली रक्कम व्याजासह परत मागता येते. त्यामुळे जुनी जाहिरात हा महत्त्वाचा पुरावा आहे. मात्र नुसती छापील प्रत न्यायाधिकरणापुढे ठेवून भागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत विहित नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते. हा भाग आपल्या वकिलांकडून नीट करून घ्यावा.

आणखी एक सूचना. जे आज घर शोधत आहेत त्यांनी वाट पाहू नये. वेबॅक मशीनच्या मुखपृष्ठावरच एखादे पान आत्ता साठवण्याची सोय आहे. नोंदणीची रक्कम भरण्याच्या दिवशी प्रकल्पाचे पान तिथे साठवून ठेवावे आणि त्याच दिवशी महारेराच्या स्थळावरचे मंजूर आराखडे, पूर्णत्वाचा दिनांक आणि प्रलंबित दाव्यांची माहितीही उतरवून घ्यावी. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो मोबाइलने टिपला की त्या प्रकल्पाचे महारेरावरचे पान थेट उघडते.

मखमली तलाव

वकीलसाहेब, अनेक धन्यवाद. आमची नोंदणी पुढच्या महिन्यात आहे. हे सगळे आजच करून ठेवते.

कोपरखैरणे१९

नौपाडेकरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो माझ्या कामाशी जवळचा आहे.

पूर्वी चांगली स्थळे सापडत असत याचे कारण ती माणसांनी निवडलेली असत. १९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेले याहू मुळात एक सूचीच होते. १९९८ पासून डीमॉझ नावाची सूची जगभरातले स्वयंसेवक विषयवार सांभाळत होते. तुमच्या आवडीचे विषय सांगितले की एका कळीसरशी नवे स्थळ समोर ठेवणारे स्टंबलअपॉन पुढच्या काळात आले. यांतले आज काहीच उरलेले नाही. याहूची सूची २०१४ च्या अखेरीस बंद झाली, डीमॉझ मार्च २०१७ मध्ये आणि स्टंबलअपॉन जून २०१८ मध्ये. हौशी लोकांनी स्वतःची पाने जिथे थाटली होती ते जिओसिटीज तर त्याही आधी, २००९ मध्ये मिटले. म्हणजे वाट दाखवणारी माणसे गेली, आणि ज्या पहिल्या पानाविषयी नौपाडेकर लिहितात ते पूर्णपणे क्रमवारीच्या गणिताच्या हाती राहिले. त्या गणिताला काय आवडते हे जाणून लिहिणारा एक अख्खा व्यवसाय उभा आहे. फुलपाखरांवर जीव लावून लिहिणाऱ्या माणसाला ते गणित ठाऊक नसते, म्हणून त्याचे पान चाळिसाव्या क्रमांकावर असते.

यावर माझे उपाय असे आहेत. पहिला उपाय नौपाडेकरांनी सांगितलाच आहे. विकिपीडियाच्या लेखाचा तळ वाचावा. दुसरा म्हणजे मार्जिनेलियासारखी निराळी शोधयंत्रे वापरावीत. स्वीडनमधल्या एका संगणकतज्ज्ञाने बांधलेले हे शोधयंत्र मजकूरप्रधान, साधी, बिगरव्यापारी पाने मुद्दाम पुढे आणते. त्यावर मराठी मजकूर शोधू नये, निराशा होईल. इंग्रजीतल्या छंदविषयांसाठी मात्र ते फार चांगले आहे. आणि तिसरा, जो मला सर्वांत भरवशाचा वाटतो, तो असा की एखादे चांगले स्थळ मिळाले की त्याच्या कर्त्याने इतर कोणत्या स्थळांचे दुवे दिले आहेत ते पाहावे. चांगल्या माणसाची ओळखपाळखही चांगलीच असते.

बेलापूरकर

माझे आवडते स्थळ म्हणजे आकाशातली विमाने नकाशावर दाखवणारे फ्लाइटरडार२४. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाल्यापासून आमच्याकडे घरोघरी ते उघडलेले असते, पण ते चालते कसे हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

विमान आपले स्थान, उंची आणि वेग १०९० मेगाहर्ट्झ या लहरीवर सतत सांगत असते. ते ऐकण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हौशी लोक करतात. घराच्या गच्चीवर हातभर अँटेना, लहरी टिपणारा एक छोटा ग्राहक (रिसीव्हर) आणि रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक इतके पुरते. २००६ साली स्वीडनमधल्या दोन विमानवेड्यांनी छंद म्हणून हे सुरू केले आणि पुढे जगभरच्या गच्च्यांवरून त्यांना माहिती मिळू लागली. आमच्या गच्चीवरही अशी अँटेना आहे. या लहरी सरळ रेषेत जात असल्यामुळे समुद्राच्या बाजूची विमाने खूप दुरूनच दिसू लागतात, तर पारसिकच्या डोंगरामागे कमी उंचीवर असलेले विमान डोंगराआड नाहीसे होते. नकाशावर आमच्या ग्राहकाची हद्द उमटते, आणि त्या बाजूला ती चक्क चावा घेतल्यासारखी कापलेली आहे. भूगोलाच्या पुस्तकात डोंगर पाहणे वेगळे आणि असा पाहणे वेगळे.

पाचपाखाडीकरांना नम्रपणे विचारतो, याला साधन म्हणावे की गंमत?

पाचपाखाडीकर

बेलापूरकर, विमानतळावर कुणाला आणायला जाताना ते साधन आहे. गच्चीवर बसून पाहताना गंमत आहे. माझे मत कायम आहे. मात्र वेबॅक मशीन माझ्या यादीत तिसरे म्हणून घालतो.

रोहितपक्षी

मी सीवूड्सला राहते. माझे स्थळ ईबर्ड. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने ते ऑडुबॉन संस्थेसह २००२ साली सुरू केले. कुठल्या जागी, किती वाजता, किती वेळ थांबून कोणते पक्षी किती दिसले याची नोंद आपण करायची, आणि त्यातून त्या जागेचे वर्षभराचे चित्र आपोआप तयार होते. डीपीएस तळ्याचे किंवा ऐरोलीच्या खाडीचे पान उघडून स्तंभालेख पाहिला, तर कोणता पक्षी वर्षातल्या कोणत्या आठवड्यांत असतो हे हिरव्या पट्ट्यांच्या जाडीवरून कळते. मे महिन्यापर्यंत भरघोस असलेली छोट्या रोहितांची (फ्लेमिंगोंची) पट्टी पावसाळ्यात बारीक होते. आवाज ओळखायचा असेल तर झीनो-कँटो या स्थळावर जगभरच्या पक्ष्यांचे ध्वनिमुद्रण आहे, तेही लोकांनीच दिलेले.

ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून आहे. पण पाणथळ जागांचा वाद निघतो तेव्हा ‘इथे पक्षी येतात’ एवढे म्हणून चालत नाही. कोणत्या तारखेला किती आले हे दाखवावे लागते. त्यासाठी या नोंदी मोलाच्या आहेत. माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे की नुसती छायाचित्रे काढून परत येऊ नका, यादीही भरा. चार प्रकारचे पक्षी दिसले तरी यादी ती यादीच.

मुंब्रादेवी पायथा

रोहितपक्षी ताई, या नोंदींची एक मर्यादाही सांगायला हवी. नोंदी तिथेच जास्त दिसतात जिथे पक्षिनिरीक्षक राहतात. सीवूड्स आणि ऐरोलीच्या याद्यांचा ढीग आहे, आणि मुंब्रा, दिवा, खारेगाव या बाजूला नकाशा विरळ आहे. तो पाहून एखादा म्हणेल की इकडे पक्षीच नाहीत. खारफुटी आमच्याकडेही आहे, खंड्या आणि बगळे आमच्याकडेही आहेत, याद्या नाहीत.

रोहितपक्षी

अगदी योग्य मुद्दा आहे. दादा, आपण तिकडे राहता तर पहिली यादी आपणच भरावी. खाते कसे काढायचे ते मी व्यक्तिगत संदेशातून कळवते. आणखी कुणी कळवा-मुंब्रा बाजूचे असतील तर एखादा रविवार ठरवू.

दिवाळेकर

मी दिवाळे कोळीवाड्यातला. इथे सगळे रोहितांविषयी बोलतात म्हणून सांगतो, ते कधी कुठे दिसतील हे भरती-ओहोटीवर ठरते. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो तेव्हा ते तिथे चरतात आणि भरती चढली की सीवूड्सकडच्या तळ्यांवर येऊन उभे राहतात. उधाणाच्या दिवशी हे ठळक कळते, भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवशी तितके नाही. म्हणून पक्षी पाहायला निघण्यापूर्वी भरतीचे वेळापत्रक पाहावे. मुंबई बंदरासाठी दिलेली वेळ खाडीच्या वरच्या टोकाला तशीच लागू होत नाही, ठाण्याकडे भरती उशिरा पोहोचते.

आमच्या कामाचे स्थळ म्हणजे हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचे. समुद्राच्या लाटा किती असतील, उंच लाटांचा इशारा आहे का, आणि मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे, हे ते सांगतात. मासळीचा अंदाज उपग्रहाने मोजलेले पाण्याचे तापमान आणि हिरव्या वनस्पती-प्लवकांचे प्रमाण यांवरून काढतात. वडीलधारी माणसे अजून वारा आणि पाण्याचा रंग पाहतात. मी दोन्ही पाहतो. हे स्थळ मला मच्छीमार सोसायटीच्या फलकावरून कळले, म्हणजे शोधयंत्राचा इथे काहीच संबंध आला नाही.

निवृत्त शिक्षिका

दिवाळेकर, तुम्ही फार छान लिहिले आहे. फलकावरून कळले हे उत्तर मला या धाग्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटले.

माझ्याकडून दोन स्थळे. पहिले नातीने दाखवले, रेडिओ गार्डन. नेदरलँड्समध्ये तयार झालेले हे स्थळ २०१६ पासून आहे. पडद्यावर पृथ्वीचा गोल असतो आणि त्यावर हिरवे ठिपके असतात. गोल फिरवून ठिपका मधल्या वर्तुळात आणला की त्या गावचे आकाशवाणी केंद्र त्या क्षणी जे ऐकवत असेल ते ऐकू येते. दुपारी आपल्याकडे सामसूम असते तेव्हा मी कधी आइसलँड ऐकते, कधी मादागास्कर. भाषा कळत नाही, पण बातम्या कुठे संपल्या आणि हवामान कुठे सुरू झाले हे सुरावरून कळू लागते. पाचपाखाडीकरांना हे पटणार नाही, पण एकट्या राहणाऱ्या माणसाला जगातली माणसे बोलताना ऐकू येणे हासुद्धा उपयोगच आहे.

दुसरे म्हणजे जुनी गॅझेटिअर. ठाणे जिल्ह्याचे खंड १८८२ साली प्रसिद्ध झाले. राज्याच्या गॅझेटिअर विभागाच्या स्थळावर ते वाचता येतात आणि मूळ छापील पानांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. साष्टी बेट तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, त्यामुळे वांद्रे आणि कुर्ला यांची माहितीही ठाण्याच्याच खंडात मिळते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, हे आपल्याकडे प्रत्येक मुलाला पाठ असते. ती ज्या ठाण्यात आली ते गाव कसे होते हे पाठ्यपुस्तकात नसते. ते या खंडांत आहे. लेखन सरकारी आहे आणि राज्यकर्त्यांच्या नजरेतून केलेले आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे.

घोडबंदरवासी

बाई, गॅझेटिअरची माहिती मोलाची आहे. मुलीच्या प्रकल्पासाठी लगेच उघडले.

कळवा पूल

अवांतर, पण आवश्यक. उपयुक्त स्थळांच्या नावाखाली फसवणूकही तितकीच होते. ई-चलानाचा खोटा दुवा संदेशातून येतो आणि पान हुबेहूब सरकारी दिसते. पत्ता शेवटपर्यंत वाचावा. सरकारी स्थळाच्या नावाचा शेवट बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असा असतो. ‘जीओव्ही’ ही अक्षरे नावाच्या मध्येच कुठेतरी घुसवलेली असतील तर ते पान बंद करावे. शंका असलेला दुवा व्हायरसटोटल या स्थळावर चिकटवला की अनेक सुरक्षा यंत्रणांचे मत एकत्र मिळते. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे. आणि कृपा करून आधार किंवा पॅन कार्डाची प्रत कोणत्याही फुकट पीडीएफ बनवून देणाऱ्या स्थळावर चढवू नये. ते काम आपल्या मोबाइलमध्येच होते.

तलावपाळी

शेवटच्या वाक्याशी विशेष सहमत. आमच्या सोसायटीच्या कार्यालयात अजूनही तसेच करतात.

नौपाडेकर

सर्वांचे मनापासून आभार. धागा माझ्या अपेक्षेपेक्षा फार चांगला चालला आहे. मी विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे वेगळी काढून पाहिली. नातीने, इमारतीतल्या तरुणाने, सोसायटीच्या फलकाने, लेखाच्या तळाच्या दुव्याने. ‘शोधयंत्राने’ असे कुणीच लिहिलेले नाही.

म्हणून एक प्रस्ताव ठेवतो. ठाणे आणि नवी मुंबई यांच्यापुरती एक सूची आपणच करावी. प्रत्येक स्थळापुढे ते कशासाठी वापरावे, कोणी सुचवले आणि शेवटचे कधी उघडून पाहिले, एवढे तीन रकाने असावेत. तिसरा रकाना मी आग्रहाने मागतो, कारण बंद पडलेल्या दुव्यांची सूची कुणाच्याच कामाची नाही.

कोपरखैरणे१९

उत्तम. तक्ता मी तयार करतो. एक भर घालावी, सूचीतले प्रत्येक पान वेबॅक मशीनमध्येही साठवावे, म्हणजे मूळ स्थळ गेले तरी मजकूर राहील.

पाचपाखाडीकर

सूचीसाठी महाभूलेख आणि महारेरा या दोन्हींची माहिती मी लिहून देतो. सातबारा, आठ अ आणि मालमत्ता पत्रक यांत काय फरक आहे आणि डिजिटल स्वाक्षरीची प्रत केव्हा घ्यावी, हे सविस्तर लिहीन. साधने आणि गमती यांचे विभाग मात्र वेगळे ठेवावेत.

बेलापूरकर

वेगळे ठेवू. फ्लाइटरडार दोन्हींत घालावे.

मुंब्रादेवी पायथा

रोहितपक्षी ताई, खाते काढले आणि आज सकाळी खारेगावच्या खाडीजवळून यादी भरली. एका बगळ्याची ओळख पटलेली नाही, छायाचित्र जोडले आहे. पाय काळे आणि पंजे पिवळे दिसतात.

रोहितपक्षी

पंजे पिवळे आणि चोचही काळी असेल तर तो छोटा बगळा. चोचीचा रंग स्पष्ट दिसेल असे दुसरे छायाचित्र असेल तर तेही चढवा, म्हणजे नोंद तपासणाऱ्याला सोपे जाईल.